बिनवासाची डबी

काख हा शब्द दिवाळी अंकात चालतो का, हे मी आधी विचारून घेतलं. संपादकबाई हसल्या आणि म्हणाल्या, "आपा, तुम्ही लिहा तर खरं." बरं झालं, कारण तो शब्द टाळून मला माझ्या कामाबद्दल एक ओळसुद्धा लिहिता आली नसती. माझं निम्मं आयुष्य लोकांच्या काखेत गेलं, असं आमचे हे चारचौघांत सांगतात. आमचे हे म्हणजे दस्तगीर. उचगावाकडच्या एका फौंड्रीत ते कामाला होते, आता घरी असतात आणि माझी तुरटी कुटून देतात. तेव्हा बोलले तर मी ऐकून घेते.

माझं नाव मेहरुन्निसा. माहेर पेठ वडगावचं, सासर शिवाजी पेठेतलं, आणि दोन्हीकडचं आडनाव अत्तार. घामाचा वास मारू नये म्हणून काखेत लावायचं मलम मी घरात करते. कॉलेजची पोरं त्याला आपाचा डिओ म्हणतात, त्यांच्या आया मलम म्हणतात आणि तालमीतले वस्ताद काहीच म्हणत नाहीत, नुसती डबी पुढं सरकवतात. दुकान नाही, पाटी नाही. स्वयंपाकघराचा ओटा हाच कारखाना.

माझे अब्बा वडगावच्या बाजारात कुंकू, बुक्का, शिकेकाई आणि अत्तर विकायचे. बायका घरचा करंडा घेऊन यायच्या, अब्बा त्यात कुंकू भरायचे. तेलाला बाटली गिऱ्हाइकाची, शिकेकाईला पिशवी गिऱ्हाइकाची. मीही तेच ठेवलं. डबी तुमची, मलम माझं. स्टीलची आणा, पितळेची आणा, बामची जुनी काचेची आणा, मी ती उकळून वाळवून घेते आणि भरून देते. हल्ली मुली येऊन कौतुकानं विचारतात, "आपा, तुमचं झिरो वेस्ट आहे ना?" मी हो म्हणते. अब्बांकडे द्यायला डब्याच नव्हत्या, हे त्यांना कशाला सांगायचं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ताज्या घामाला फारसा वास नसतो. काखेत ऊब असते, ओल असते, वारा लागत नाही, म्हणून तिथं बारीक जंतू सुखानं राहतात आणि घामावर जगतात. वास येतो तो त्यांच्या उद्योगाचा. म्हणून मलमात ओल शोषायला आरारूट लागतं, जंतूंना आवरायला खायचा सोडा नाहीतर तुरटी लागते, आणि हे सगळं धरून ठेवायला घाण्याचं खोबरेल आणि मधमाशीचं मेण. मेण थेट गॅसवर ठेवायचं नाही. पातेल्यात पाणी उकळायचं आणि त्यात दुसरं भांडं ठेवून सावकाश वितळवायचं. तेल घालायचं, उतरवायचं, कोमट झालं की बाकीची पूड घालून घोटत राहायचं. हात थांबला की आरारूट खाली बसतं आणि वर नुसतं तेल राहतं.

तुरटी तव्यावर टाकली की आधी तिचं पाणी होतं आणि मग ती लाहीसारखी फुलते. ती लाही कुटून जुन्या मऊ साडीच्या कापडातून गाळायची. हे दस्तगीरचं खातं. सोडा आणि तुरटी मात्र एका डबीत घालायची नाहीत. जरा ओल लागली की दोघं फसफसतात आणि दोघांचाही जोर जातो. ज्याची कातडी नाजूक आहे त्याला सोडा नको, लाल चट्टे उठतात. नुकतीच दाढीची पाती फिरवली असेल तर त्या दिवशी काहीच नको. उन्हाळा लागला की मेण थोडं वाढवायचं, नाहीतर डबी उघडल्यावर मलमाऐवजी आमटी मिळते. आणि बोटावर घ्यायचं ते हरभऱ्याच्या डाळीएवढं. कोल्हापूरकरांना हे शेवटचं सांगणं फार अवघड जातं. आमच्याकडे कुठलीही गोष्ट चांगली म्हटली की ती ओंजळीनंच घ्यायची पद्धत आहे.

सगळ्यात शेवटी सुवास. वाळा, मोगरा, केवडा, नुसते थेंब. पण ते मी घालायचेच. अत्ताराच्या घरातून बिनवासाची वस्तू बाहेर गेली तर अब्बांना काय वाटेल, असं मला वाटायचं. अब्बा जाऊन किती वर्षं झाली, तरी वाटायचं.

आता कुणाला काय द्यायचं हे कसं ठरवणार? वास घेतल्याशिवाय कळत नाही, आणि माणसाला हात वर कर म्हणायचं म्हणजे कठीण काम. म्हणून मी एक रीत पाडली. दिवसभर घातलेला बनियन किंवा ब्लाऊज न धुता स्टीलच्या डब्यात घालायचा, झाकण गच्च लावायचं आणि मला आणून द्यायचा. मी तो आत जाऊन एकटीनं उघडते. कुणाच्या घामाला लोखंडाचा वास असतो, कुणाच्या कांद्याचा, कुणाच्या नुसत्या साबणाचा. खरं सांगायचं तर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना मलमाची गरजच नसते. कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं. नवरा बोललेला असतो, वर्गातली मैत्रीण बोललेली असते, आणि ते बोलणं यांच्या अंगाला चिकटून बसलेलं असतं. त्यांना मी सांगते की बाई, तुला काही वास नाही. तरी त्या डबी भरूनच नेतात.

या डब्यांच्या रीतीनं आमच्या घरात एकदा मोठा घोळ झाला. तेव्हा दस्तगीर कामावर जायचे. पेठेतल्या एका मास्तरांनी आदल्या दिवशी आपला बनियन डब्यात घालून आणून दिला होता. मी तो ओट्यावर ठेवला, शेजारी यांच्या भाकरीचा डबा. हे घाईत निघाले आणि मास्तरांचा डबा घेऊन गेले. दुपारी सगळे गोल करून जेवायला बसले, यांनी झाकण काढलं आणि आत बनियन.

"दस्तगीरभाई," शेजारचा म्हणाला म्हणे, "वहिनींशी भांडण झालंय व्हय?"

"न्हाय ओ," हे म्हणाले, "आज कालवण कोरडं हाय."

सगळ्यांनी आपापल्या डब्यातली भाकरी यांना वाढली आणि पुढं कितीतरी दिवस यांचा डबा उघडला की आधी नाक लावून बघायचे. मास्तरांना मी हे अजून सांगितलेलं नाही. आता छापून आल्यावर कळेल, आणि ते मनाला लावून घेणार नाहीत असा माझा विश्वास आहे.

दुसरा घोळ फुटबॉलचा. आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मॅच असली की गल्लीत म्हातारी माणसंसुद्धा धड जेवत नाहीत. गल्लीतलाच एक पोरगा माझं मलम वापरायचा. मलमाची डबी मोठी, किटबॅगेत मावेना, म्हणून त्यानं घरातली एक लहान डबी शोधली, फडक्यानं पुसली आणि त्यात थोडं मलम काढून घेतलं. ती डबी कांदा-लसूण चटणीची होती. नुसतं फडक्यानं पुसून आमच्याकडची चटणी जाते होय? मैदानात उतरताना त्यानं भरपूर चोपडलं, आणि पळायला लागून घाम सुटल्यावर काय व्हायचं ते झालं. पोरगा दोन्ही हात पंखासारखे वर धरून पळायला लागला. गॅलरीतल्या लोकांना वाटलं ही काहीतरी नवीन तऱ्हा आहे. प्रतिस्पर्ध्यांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी त्याला वाट दिली आणि त्यानं गोल केला. संध्याकाळी त्याची आई माझ्याकडे भांडायला आली. तिनं डबी पुढं केली, मी हुंगली आणि म्हटलं, "ताई, चटणी तुमच्या घरची, लसूण भारी हाय." मग तीच हसायला लागली. जाताना म्हणाली, "पुढच्या मॅचला बी हीच डबी द्यावी म्हणतो."

आम्ही कोल्हापूरच्या बायका तोंडानं अशाच बोलतो, मी येतो, मी जातो. इथं लिहिताना मी सांभाळून लिहिते आहे, पण पुढं ज्या बायका बोलतील त्यांना मी त्यांच्या तोंडानंच बोलू देणार आहे.

हे झाले गमतीचे किस्से. पण ज्या एका गिऱ्हाइकासाठी मी हा लेख लिहायला घेतला तिचं नाव अश्विनी. उचगावची सून, राजारामपुरीतल्या एका ब्यूटी पार्लरमध्ये कामाला. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली. एवढ्या उकाड्यातही ओढणी दोन्ही खांद्यांवरून गच्च गुंडाळलेली.

"मलम करणाऱ्या आपा तुम्हीच व्हय?"

"व्हय. आत ये की, उन्हात का उभी?"

ती आत आली पण माझ्यापासून लांब, दाराजवळच बसली. माणसं अशी लांब बसली की मला पुढचं कळतं.

तिचं काम भुवया कोरायचं. थ्रेडिंग. खुर्चीत बाई मान मागं टाकून बसलेली असते, ही तिच्यावर वाकते, दोऱ्याचं एक टोक दातात आणि दोन्ही हात वर. म्हणजे हिची काख अगदी गिऱ्हाइकाच्या नाकावर. चार दिवसांपूर्वी एक बाई अर्ध्यातूनच उठली. एक भुवई कोरलेली, दुसरी तशीच. तशा अवस्थेत ती काउंटरवर गेली आणि मालकीणबाईंना म्हणाली, ह्या मुलीच्या अंगाला वास येतो, दुसरी कुणीतरी द्या.

"मॅडम काय म्हणाल्या?"

"चांगल्या हायत ओ त्या. पण म्हणाल्या, अश्विनी, हे काहीतरी बघ, न्हाईतर मला दुसरी पोरगी बघावी लागंल." मग तिनं डोळे पुसले. "माझा हात चांगला हाय आपा. उचगावच्या निम्म्या पोरींच्या भुवया माझ्याच हातच्या हायत. मला हे काम सोडायचं न्हाय."

मी तिला डब्याची रीत सांगितली. दुसऱ्या दिवशी ती कामावरचा कुर्ता डब्यात घालून घेऊन आली. मी आत जाऊन झाकण उघडलं. घाम होता, पण अगदी थोडा. त्याच्यावर मेथी होती. बाळंतशोपा होती. ओव्याची धुरी होती, आणि दुधाचा आंबूस वास होता. बाहेर येऊन मी विचारलं, "बाळ केवढं आहे गं?"

ती चपापली. "चौथा महिना लागलाय. तुम्हास्नी कसं कळलं?"

घरात सासू रोज मेथीचा लाडू देते, संध्याकाळी धुरी देते, आणि दुपारी बाळ सासूजवळ असल्यानं हिचं दूध कपड्यात उतरतं. बाळंतिणीच्या अंगाला असाच वास असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं. पण अर्ध्या भुवईनं उठून गेलेल्या बाईला ते कोण सांगणार, आणि पोरीचं काम तर टिकलं पाहिजे. मी तुरटीचं मलम केलं आणि त्यात वाळा घातला, मोगरा घातला, आणि नेहमीपेक्षा हात सैल सोडला. घोटून झाल्यावर सगळं घर असं दरवळलं की दस्तगीर बाहेरून ओरडले, "कुणाचं लग्न काढलंस?"

आठवड्यानं अश्विनीचा फोन आला. मॅडम खूश होत्या. गिऱ्हाइकं विचारत होती की हा कसला सुगंध आहे. ती अर्ध्या भुवईवालीसुद्धा पुन्हा येऊन गेली होती. मी दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी दस्तगीरना दोनदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "कळलं गं, सकाळीबी सांगितलंस."

त्यानंतर काही दिवसांनी दारात रिक्षा थांबली. आतून अश्विनीची सासू उतरली, खांद्यावर बाळ, मागं अश्विनी. सासूचं नाव हौसाबाई. अश्विनी त्यांना आत्याबाई म्हणते, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. हौसाबाई उंच, सावळ्या, आवाज असा की गल्लीत सगळ्यांना ऐकू जावं. त्या बसल्यासुद्धा नाहीत.

"तुमचं ही ऐकती म्हणून आलोय. तुम्हीच सांगा हिला, काम सोड म्हणावं."

"काय झालं?"

"बाळ पीत न्हाय. अंगावर घेतलं की तोंड फिरवतंय आणि रडतंय. वाटी-चमच्यानं किती पाजायचं? हिची छाती दगडागत झाली, रात्री अंगात ताप. डॉक्टरनं बाळाला तपासलं, घसा बरा, कान बरं, सगळं बरं. मीठ-मिरची ओवाळून झाली." त्यांनी दम घेतला. "मी सांगतो काय झालंय ते. पहाटंचं पितंय. सुट्टीदिवशी दिवसभर गुमान पितंय. कामावरनं आली की तोंड फिरवतंय. रुसलंय ते. आईचं कामाला जाणं त्याला पटलं न्हाय."

मी अश्विनीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. तोंड सुकलेलं.

"सोडतो मी काम आपा," ती म्हणाली. "पोरगं उपाशी ठेवून कुणाच्या भुवया कोरू?"

मी बाळाला हातात घेतलं. गुटगुटीत पोर, डोळे टपोरे, माझी ओढणी मुठीत धरून माझ्याकडे बघत राहिलं. मी त्याला घेऊन अश्विनीजवळ गेले. तिनं हात पुढं केले, छातीशी धरलं, आणि त्या पोरानं खरंच मान झटकन दुसरीकडे वळवली आणि ओठ काढून रडायला लागलं. मी तिच्या अगदी शेजारी उभी होते. तेव्हा माझ्या नाकात वाळा आला. मोगरा आला. पहाटे तिनं अंघोळ केलेली नसते, मलम लावलेलं नसतं. सुट्टीच्या दिवशीही ती लावत नाही. आज पार्लरमधून तशीच आली होती. मेथी नाही, दूध नाही, धुरी नाही. तिच्या अंगाला तिचा स्वतःचा काहीही वास उरला नव्हता.

"मोरीत चल," मी म्हटलं.

मी पाणी तापवलं. तिला बेसन दिलं आणि सांगितलं, खांद्यापासून कमरेपर्यंत चांगलं चोळून धू. साबण नको. माझा एक जुना, धुऊन मऊ झालेला सुती ब्लाऊज तिला दिला. हौसाबाई बाहेर बाळाला थोपटत होत्या आणि मला म्हणत होत्या, "ताप असलेल्या बाईला भरदुपारी अंघोळ करायला लावताय, काय म्हणायचं ह्याला?" मी म्हटलं, "हौसाबाई, जरा दम खावा."

अश्विनी केस पुसत आली आणि स्वयंपाकघरात पाटावर बसली. मी बाळ तिच्या मांडीवर दिलं. ते आधीच रडून बेजार झालेलं. त्यानं एकदा मान वळवली. मग पुन्हा इकडे वळवली. नाक तिच्या अंगाला घासलं, दोनचार वेळा तोंड इकडून तिकडे केलं, आणि लागलं प्यायला. घटाघटा आवाज येत होता. दस्तगीर काहीतरी विचारायला दारापर्यंत आले आणि पाय न वाजवता मागं गेले. अश्विनी रडत होती, आणि मलाही आवरलं नाही.

"म्हंजे रुसलं नव्हतं व्हय?" हौसाबाई म्हणाल्या. आता त्या खाली बसल्या होत्या.

"न्हाय ओ. त्याला आई सापडत नव्हती."

त्यांनी त्यावर विचार केला, पण हार मानणारी बाई नव्हे. "आज सापडली. उद्या कामाला गेली की? मलम लावलं न्हाय तर तिथनं काढत्यात, आणि लावलं तर हे पीत न्हाय. मग काम सोडणं आलंच की."

बोलणं अगदी सरळ होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदाच बिनवासाचं मलम करायला घेतलं. मेण, खोबरेल, आरारूट, तुरटीची लाही. घोटून झाल्यावर माझा हात सवयीनं फळीवरच्या अत्तराच्या बाटलीकडे गेला. दस्तगीर शेजारी तुरटी गाळत होते. त्यांनी बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली, जिथं माझा हात पोचत नाही, आणि पुन्हा गाळायला लागले. मी डबी भरली. ती हुंगून बघितली तर फक्त खोबरं आणि थोडं मेण. मला ती नागडी वाटली. पण घामाचं आणि आंबटपणाचं काम ती करणार होती. मेथीचं आणि दुधाचं काही करणार नव्हती, आणि करायलाही नको होतं.

डबी देताना मी हौसाबाईंना एकच विनंती केली. परवा दुपारी बाळाला घेऊन पार्लरमध्ये या, मीही तिथंच असेन, मग काय ते ठरवा. त्या म्हणाल्या, "येतो. पण शेवटचं."

आता पार्लरमध्ये माझं काय काम? मी सरळ गिऱ्हाईक म्हणून गेले. साठी ओलांडल्यावर आयुष्यात पहिल्यांदा भुवया कोरायला. निघताना दस्तगीर म्हणाले, "येताना ओळखू आलीस म्हंजे मिळवलं." दार उघडलं तर आत थंडगार, आणि वासांचा नुसता बाजार. ब्लीच, शाम्पू, गरम मेण, नखांचं पॉलिश. चार मुली, चौघींना सारखेच गुलाबी एप्रन, सारखेच बांधलेले केस. मॅडम काउंटरवर होत्या. माझ्या बुरख्याकडे आणि वयाकडे बघून जरा गोंधळल्या, पण हसून म्हणाल्या, "या की. काय करायचं?"

"भुवया. अश्विनीकडनंच."

मी खुर्चीत मान टाकली. शेजारच्या खुर्चीत एक वयस्क बाई तोंडाला पांढरा लेप लावून बसल्या होत्या. अश्विनी माझ्यावर वाकली. तिनं दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि हात वर केले. आणि दुखतं म्हणजे काय. डोळ्यांतून पाणी काढतं ते. तशातही मी नाकाचं काम सोडलं नाही. तिची काख माझ्या नाकापासून वीतभर. आंबट काही नव्हतं. घाम नव्हता. मेथी होती, बाळंतशोपा होती, थोडं दूध होतं.

मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हळूच श्वास आत ओढला. "अश्विनी, आज ते सुगंधी लावलं न्हाईस का गं?"

अश्विनीचा दोरा थांबला. मी उठून बोलणार, तेवढ्यात शेजारच्या लेपवाल्या बाई डोळे मिटलेल्या तशाच म्हणाल्या, "मगापासनं म्हणतो, कोण बाळंतीण हाय हितं? मेथी आणि शोपेचा वास येतोय. माझ्या लेकीच्या बाळंतपणानंतर आज आला बघा हा वास."

"मी हाय," अश्विनी हळू आवाजात म्हणाली.

"होय व्हय? पोरगा का पोरगी?"

"पोरगा."

"दूध हाय का चांगलं? पायावर उभी ऱ्हातीस दिवसभर, शतावरी घेतीस का न्हाय?" आणि मग त्या बाई काही केल्या थांबेनात. लेप तडकला तरी बोलतच होत्या. मॅडम ऐकत होत्या. नंतर त्या अश्विनीच्या आणखी जवळ आल्या आणि पुन्हा एकदा हुंगलं. "आमची आई द्यायची की मला असली धुरी," त्या म्हणाल्या. "मी पार विसरलोतो." त्यांचा आवाज बदलला होता. मग त्यांनी अश्विनीला विचारलं, "हे आधी का सांगितलं न्हाईस मला?"

"तुम्ही वास म्हणालात," अश्विनी म्हणाली. "मला वाटलं घाणच असंल."

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आपांची दुसरी भुवई कर आधी."

ती करत असतानाच दार उघडलं आणि हौसाबाई आत आल्या. दारातच थांबल्या, कारण काच, आरसे आणि गुलाबी एप्रन बघून त्यांनाच कुठं जावं कळेना. बाळ कडेवर रडत होतं. उन्हातून आणलेलं, भूक लागलेली. अश्विनीची दाराकडे पाठ होती, दातात दोरा होता, तिला वळता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. बाकी तिघी मुली तशाच सारख्या. हौसाबाई बाळाला घेऊन खुर्च्यांच्या मधून पुढं आल्या. पहिल्या मुलीजवळून गेल्या, दुसरीजवळून गेल्या. बाळ रडतच होतं. अश्विनीच्या पाठीमागे आल्या आणि बाळाचं रडणं थांबलं. मी मान जरा उचलून आरशात सगळं बघत होते. त्यानं मान उचलली, नाक वर केलं, आणि आजीच्या कडेवरून त्या पाठमोऱ्या गुलाबी एप्रनकडे दोन्ही हात टाकले. आजीला ते सावरेना, इतकं अंग टाकलं.

हौसाबाई तशाच उभ्या राहिल्या. लेपवाल्या बाईंनीसुद्धा डोळे उघडले होते.

अश्विनीनं दातातला दोरा सोडला, वळली आणि बाळाला घेतलं. मॅडमनी आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला. आत जाताना अश्विनी सासूकडे बघून म्हणाली, "आत्याबाई, आज मॅडमना सांगतो, उद्यापासनं..."

"काय सांगतीस?" हौसाबाई त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसलं. "काम सोडायचं नाव काढू नगंस. दुपारचं मी घेऊन येतो की ह्याला."